आंबेमोहोराची पिशवी

नेम धरायच्या आधी नाना डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात उचलायचे, टेबलावर आणून ठेवायचे आणि त्याला म्हणायचे, "बस हितं. गप."

बैलाला म्हणावं तसं. रागानं नाही आणि लाडानंही नाही. हात थोडा वेळ थरथरायचा आणि मग खरोखर गप बसायचा. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच सांगताहेत. नवीन कामावर होते, कुणी काही म्हटलं की ते करायचं एवढंच डोक्यात. मी झटकन तिथंच फरशीवर बसले आणि गप राहिले. नानांनी चाकाच्या खुर्चीतून वाकून माझ्याकडं पाहिलं.

"तू कशाला बसलीस गं? मी ह्याला म्हनलं."

"हो जी," म्हणत मी उठले. शेडमधली सगळी माणसं हसली. नाना हसले नाहीत. ते हाताला म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा ती बरी ऐकती."

नेमबाजीची रेंज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काहीतरी मोठं येईल. भूगावातली आमची रेंज म्हणजे नानांची जुनी पोल्ट्री. पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला दहा मीटरवर टार्गेटचे कागद लावायच्या चौकटी, दुसऱ्या टोकाला उभं राहायच्या जागा. रायफली हवेवर चालणाऱ्या, त्यामुळं बार उडत नाही, डब्याचं झाकण बसल्यासारखा ठक् आवाज येतो. सगळी शेड धुऊन रंगवून घेतलेली, तरी पावसाळी हवेत कोंबड्यांचा वास भिंतीतून बाहेर येतो. नवीन माणूस नाक वर करून इकडंतिकडं बघायला लागला की नाना म्हणायचे, "जुनं भाडेकरू हायेत. जाईनात."

नानांचे पाय स्नायूंच्या आजारानं गेले, मग खांदे उतरायला लागले. कोंबड्यांचं बघणं होईना तेव्हा त्यांनी शेड सरांना भाड्यानं दिली. सर फौजेतून निवृत्त झालेले, रेंज त्यांची. आणि आम्ही नवरा-बायको नानांच्याच भाड्याच्या खोल्यांपैकी एका खोलीत राहायचो. नवरा जवळच्या बांधकामावर प्लंबरच्या हाताखाली होता. मी गोंदियाकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि रेल्वेत बसून इतक्या लांब आले. इथं आल्यावर पहिले कित्येक महिने मला सगळ्याचीच भीती वाटायची. रस्ता ओलांडायची, लिफ्टची, कुणी इंग्रजीत बोललं तर त्याची. नानांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना नानी म्हणायचो, सरांना सांगितलं की ही पोरगी कोपऱ्यातलंसुद्धा झाडते. तेवढ्यावर मला काम लागलं. झाडणं, टार्गेटचे कागद बदलणं, चहा करणं. आजही कुणी मला विचारलं की तुला इथं कुणी उभं केलं, तर मी त्या दोघांचं नाव घेईन.

नानांनी मात्र माझं नाव कधी घेतलं नाही. "ए गोंदिया" अशीच हाक.

रविवारी सकाळी हौशी लोक यायचे. सूसवरून, बाणेरवरून, भूगावातल्या सोसायट्यांमधून. बहुतेक कॉम्प्युटरवाले. आठवडाभर खुर्चीत बसलेली माणसं रविवारी उभं राहायला यायची. आणि नाना दाराबाहेर खुर्चीत बसून त्यांना बघायचे. घरमालक म्हणून सगळे वाकून नमस्कार करायचे आणि आत जायचे. एका रविवारी सूसहून येणाऱ्या एका मुलीनं जाता जाता सरळ विचारलं, "काका, तुम्ही ट्राय करणार?"

अशा वेळी माणसं आपापल्या बुटांकडं बघायला लागतात, तुम्हीही पाहिलं असेल.

"मला धरवत न्हाई गं पोरी. वजन लई," नाना म्हणाले.

"वजन तुम्ही नाही धरायचं, टेबल धरेल," आतून सर म्हणाले.

"आन छर्रा कोन घालनार? माझी बोटं चिमटीत काय धरत न्हाईत."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात झाडू होता. "ही घालेल. नियमात बसतं ते. छर्रा दुसऱ्यानं भरला तर चालतो. नेम तुमचा, चाप तुमचा."

नानांनी दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "आधी मला आत तर घ्या."

कारण दाराला पायरी होती. आणि गंमत अशी, की पूर्वी तिथं पायरी नव्हतीच. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची ढकलगाडी आत-बाहेर न्यायला नानांनी सिमेंटचा उतार केलेला होता. रेंज करताना दार देखणं दिसावं म्हणून सरांनी तो फोडून पायरी बांधली. आता तो परत करायचा होता. गवंडी उतार घालत होता तेव्हा नाना शेजारी बसून बघत होते. "कोंबड्यास्नी हुतं ते मला न्हवतं," ते सरांना म्हणाले. सर ओशाळून हसले.

टेबल आलं, खुर्ची त्याच्या खाली शिरेल असं. रायफलीच्या पुढच्या भागाला टेकू म्हणून सरांनी वाळूची पिशवी आणली. नानांनी ती परत पाठवली.

"वाळूचा भरवसा न्हाई. कन रायफलीत गेला की वाट लागंल. आमच्या घरचा आंबेमोहोर हाय, त्यो भरतो."

"अहो नाना, तांदूळ?" सर म्हणाले.

"बसतो बी नीट आन वास बी येतो."

नानींनी जुन्या धोतराची दुहेरी पिशवी शिवली आणि नानांनी घरातला चांगला मुळशीचा आंबेमोहोर तिच्यात भरायला लावला. नानी पुटपुटत होत्या, की साधा तांदूळ काय वाईट होता. नाना म्हणाले, "माझा गाल त्याच्यापाशी येनार हाय. रेशनचा कशाला?"

मी त्या पिशवीचा वास घेतला आणि मला घर आठवलं. आमच्याकडंही भातच. नानांना सांगितलं तर म्हणाले, "तुमच्याकडचा तांदूळ शिजला की कुनाच्या घरात शिजला ते कळत न्हाई. आमचा अख्ख्या आळीला कळतो."

"आमचा पोट भरतो जी," मी म्हटलं.

"व्हय, तेवढंच करतो."

छर्रा भरायचं काम तुम्हाला सोपं वाटेल. रायफलीचा दांडा ओढायचा, छर्रा खोबणीत ठेवायचा, बंद करायचं, एक पाऊल मागं सरायचं आणि मग तोंडातून शब्द काढायचा नाही. एवढंच. पण माझा पहिला छर्रा टेबलावर पडला, दुसरा माझ्या बाहीत. मी रडकुंडीला आले. नाना शांतपणे म्हणाले, "तुज्या हातातनं पडतोय तर तुला कळतंय तरी. माझ्या हातातनं कप पडला तर फुटल्याव कळतो. सावकाश घाल. टार्गेट काय उठून जात न्हाई."

मागं सरल्यावर मी श्वासच धरून ठेवायची. न जाणो माझ्या श्वासानं त्यांचा नेम चुकला तर. एकदा ते डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीसारख्या भोकाला लावलेला तसाच ठेवून म्हणाले, "गोंदिया, श्वास घे. तू मेलीस तर माझा छर्रा कोन भरनार?"

टार्गेटच्या मधल्या ठिपक्याला दहा, बाहेर जाल तसा एकेक कमी. नानांना बहुतेक वेळा आठ यायचा. ते कागद जवळ मागवून घ्यायचे, भोकावर बोट ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "आठ आला? भरून पावलो." नऊ आला तर संशय घ्यायचे. "हा बाजूवाल्याचा हाय का बघ."

रविवारी शेवटी सगळ्यांची मिळून एक लुटुपुटीची स्पर्धा व्हायची. ज्याचे सगळ्यात कमी, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना खायला आणायचं. पहिल्यांदा नाना हरले तेव्हा सगळे गडबडले. "काका, तुमचं वेगळं धरू," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "काकांना स्पेशल प्राइझ देऊ." तो चष्मेवाला, मनानं फार चांगला मुलगा, प्रत्येक गोष्टीचा हिशेब मोबाइलवर मांडणारा.

नाना चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "मी हरलो न्हवं? मग मला हरू द्या की नीट! मधीच काय स्पेशल?"

पुढच्या रविवारी नानी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. सॉफ्टवेअरवाल्यांनी अशी चटणी खाल्ली की त्यानंतर नाना हरावेत म्हणून लोक मनातल्या मनात देवाला सांगत असावेत. चष्मेवाला तर उघडच म्हणायचा, "काका, आज थोडं लूज खेळा ना."

आणखी एक व्हायचं. कुणी पाहुणा आला की नानांना बघून हात जोडायचा. मग तो म्हणायचा, तुम्ही अपंगांच्या मोठ्या स्पर्धांना गेलं पाहिजे, देशासाठी मेडल आणलं पाहिजे. नाना शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "देशाला माझा आठ कशाला पायजे? मला रविवार पुरं." पाहुणा हिरमुसायचा. नाना माझ्याकडं बघून डोळा मिचकावायचे. मला त्यांचं हे म्हणणं तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळतं. आजारी माणसानं एक तर घरात बसावं नाही तर मोठा पराक्रम करावा, असं आपल्याला वाटतं. नुसतं रविवारी चार लोकांत येऊन आठ मारावा आणि चहा पिऊन घरी जावं, हे त्याला कुणी सुचवतच नाही.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. मग एका पावसाळ्यात नानांचे छर्रे खाली जायला लागले.

आधी आठाचा सात झाला. मग सहा, आणि तोही काळ्या गोलात बरोबर खालच्या बाजूला. सगळे म्हणाले, होतं असं. सरांनी रायफल तपासली, स्वतः उभं राहून मारून पाहिली, ठीक होती. दर रविवारी भोक आणखी खाली. नाना नेम धरताना घामाघूम व्हायचे. पूर्वी हाताला एकदा म्हटलं की पुरायचं, आता पुन्हा पुन्हा म्हणायचे. "बस की रं. गप की रं बाबा." दोन छर्रे मारून झाले की खांदा धरून बसायचे.

चष्मेवाल्यानं काळजीपोटीच नानांच्या सगळ्या कागदांचा मोबाइलवर आलेख काढला. रेघ डावीकडून उजवीकडं उतरत गेलेली. "काका, हे एकदा डॉक्टरांना दाखवू या," तो म्हणाला. नानांनी मोबाइल लांब धरायला सांगून ती रेघ बघितली.

"हे माझ्या हाताचं हाय व्हय?"

"म्हणजे... स्कोअरचं आहे, काका."

"त्येच ते. डॉक्टरनं मला सांगितलंच हुतं. पाय झालं की खांदं, खांदं झालं की हात. म्हनलं, इतक्यात न्हाई येनार ती पाळी. आली वाटतं."

सूसच्या मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नानांनी उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. त्या दिवशी ते त्याला काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी खोलीतून त्यांच्या घराकडं बघायची. ते ओसरीवर बसलेले असायचे, पण खुर्चीची पाठ शेडकडं. ज्या माणसानं रविवारची वाट बघत शनिवार काढावा, त्यानं शेडकडं पाठ करून बसावं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "सरांना सांग, ते टेबल काढा. त्या जागंत दोन पोरं उभी ऱ्हातील. उगं अडवून कशाला ठेवायचं?"

"नाना, एकदा येऊन तर बघा जी."

"काय बघू? खाली गेलेला हात वर येत न्हाई गं. ह्या रोगाला उलटं चालता येत न्हाई."

आणि मग बोलणं बदलायला त्यांनी विचारलं, तुझ्या आईचा फोन आला का. मला ते जास्त लागलं.

सरांनी दोन आठवडे टेबल तसंच ठेवलं. मग एका सोमवारी म्हणाले, "त्यांनी परत निरोप पाठवलाय. काढून मागच्या खोलीत ठेव. आलेच तर परत लावू."

मी टेबल ओढायच्या आधी वरची पिशवी उचलली. आणि तुम्हाला सांगते, माझा हात उगीचच वर गेला. भरलेला हंडा समजून रिकामा हंडा उचलावा तसा. मी दर रविवारी ती पिशवी उशीसारखी वरून थोपटून, फुगवून, तिच्यावर स्वच्छ टॉवेल टाकायची. वरून छान दिसायची. उचलली मात्र कधीच नव्हती, ती टेबलावरच असायची. आता उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूला शिवणीशी बोट जाईल एवढं भोक, आणि भोकातून दोन दाणे माझ्या पायावर पडले.

दाण्यांची बारीक ओळ टेबलाच्या पायावरून भिंतीशी गेली होती. भिंतीशी जुन्या टार्गेटच्या कागदांचा खोका. तो सरकवला तर मागं उंदराचं घर. कागद बारीक कातरून केलेला मऊ गादीसारखा ढीग, कुठं काळा तुकडा, कुठं पांढरा, एका तुकड्यावर आठाचा आकडा तसाच. आणि त्याच्या खाली आंबेमोहोर. मूठमूठभर, नीट साठवलेला.

मी काय केलं असेल? घाबरट बाई मी, उंदीर दिसला तर खाटेवर चढणारी. मी त्या घरात हात घातला. तांदूळ, कातरलेले कागद, सगळं ओढणीत घेतलं, काखेत ती अर्धी पिशवी मारली आणि चप्पल न घालता नानांच्या घराकडं पळाले.

"नाना! हात नाही जी! हात नाही! उंदीर आहे! उंदरानं खाल्लं!"

नानी स्वयंपाकघरातून बाहेर धावल्या. "काय खाल्लं? ह्यांचा हात खाल्ला?" आणि त्यांनी नानांचे दोन्ही हात उचलून उलटेसुलटे बघितले.

मला धड सांगताच येईना. मी पिशवी नानांच्या मांडीवर ठेवली आणि ओढणी उघडली. नाना त्या तांदळाकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं पिशवी दाबली. ती आत गेली ती गेलीच. पुन्हा दाबली.

मागोमाग सर आले होते. त्यांना लगेच कळलं. पिशवी बसली की रायफलीचं तोंड खाली जायचं. काळा गोल दिसेना म्हणून नाना स्वतःच्याही नकळत रायफल पिशवीवरून उचलून धरायचे. जे वजन टेबलानं धरायचं होतं ते सगळं त्या थकलेल्या खांद्यावर. हात थरथरायचा, छर्रा खाली. दर रविवारी उंदीर थोडा जास्त खायचा, आणि नाना थोडं जास्त उचलायचे.

"म्हंजी मी येवढे दिवस रायफल हातानं उचलत हुतो?" नाना म्हणाले.

"हो. आणि तरी सहा आणत होता," सर म्हणाले.

नाना आधी हसले. पोट हलेपर्यंत हसले. नानीही हसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "म्या सांगितलं हुतं, साधा तांदूळ भरा. कुटल्या उंदरानं सोडला असता हा?"

"गोंदियाचा भरला असता तर त्यानं हुंगून सोडून दिला असता."

"आमच्या तांदळाला नावं नका ठेवू जी," मी म्हटलं, आणि मग मलाच रडू आलं.

नानांनी हसणं थांबवलं. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्या पिशवीवर ठेवला. त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. "चुकलं बाबा," ते त्याला म्हणाले. "लई बोललो तुला."

नानींनी पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला आत गेल्या.

रविवारी नाना उतारावरून आत आले तेव्हा सगळ्यांना बातमी कळलेली होती. पिशवीला नवीन दुहेरी शिवण, आत नवीन आंबेमोहोर. सर वाळूचा विषय काढणार होते, नानांनी काढू दिला नाही. "उंदरानं पास केलेला माल हाय, आता बदलायचा न्हाई." रेंज संपली की पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपाटात, एवढं मात्र कबूल केलं. मी छर्रा भरला. मागं सरले. श्वास घेतला.

ठक्.

कागद आणला. नानांनी भोकावर बोट ठेवलं. "आठ आला?"

"आठ जी."

"भरून पावलो."

चष्मेवाल्याला त्या दिवशी कुणी सोडलं नाही. "अरे, तो आलेख कुठाय? उंदराचं वजन कसं वाढत गेलं ते त्यात बरोबर दिसत असेल!" तोही हसत होता. नानांनी त्याला जवळ बोलावलं. "तुजी रेघ बरोबर हुती रं. पिशवीची हुती, येवढंच."

तेव्हापासून आमच्याकडं एक बोलणं पडलं. काहीही बिघडलं की नाना म्हणायचे, "आधी पिशवी बघ." पंखा बंद, आधी पिशवी बघ. कुणाचं लग्न मोडलं, आधी पिशवी बघ म्हणावं. माझ्या आईनं फोन उचलला नाही की नको नको ते माझ्या डोळ्यांपुढं यायचं. मग मी आधी बघायची की तिच्या गावात वीज आहे का, शेजारणीला लागतो का. दहा वेळा आईचा मोबाइल चार्जिंगविना पडलेला असायचा. माझी भीती गेली असं म्हणणार नाही. पण तिला दाराशी उभं करून आधी पिशवी बघायला जायचं, एवढं मला जमायला लागलं. शाळेत राहिले असते तर हे शिकवलं असतं का, मला माहीत नाही.

आजार मात्र खरा होता. उंदरानं तो काही खाल्ला नव्हता. पुढं एका हिवाळ्यात छर्रे पुन्हा खाली जायला लागले. नानांनी खुर्चीतूनच मला सांगितलं, "गोंदिया, पिशवी बघ."

मी उचलली. दाबली. उलटी करून शिवण पाहिली. मला ती रिकामी निघायला हवी होती. तेव्हा मी किती देव आठवले ते मलाच माहीत.

"भरलेली आहे जी."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही फार नव्हतं. "मग आता ह्यो हातच. ठीक हाय. निदान खोटं तर न्हाई." मग सरांकडं वळून म्हणाले, "सर, टेबलानं आनखी थोडं धरलं तर चालतं का नियमात?"

चालत होतं. गावातल्याच एका वेल्डिंगवाल्यानं स्प्रिंगचा स्टँड करून दिला, रायफल त्याच्यावरच तरंगायची. पिशवी कोपराखाली गेली. चाप डाव्या हाताच्या बोटानं. पहिल्या रविवारी छर्रा टार्गेटच्या चौकटीलाच लागला. नाना हरले, नानींच्या भाकऱ्या झाल्या, सगळे खूश. टेबल काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही, त्यांनीही नाही. आठ कधीमधीच यायचा. आला की पेढ्यासारखा शेडभर वाटला जायचा.

गेल्या वर्षी ते दोघं कोल्हापूरला लेकीकडं गेले. ती नर्स आहे, नानांना आता उठवायला-बसवायला रोज माणूस लागतं. जायच्या दिवशी नानांनी गाडी शेडपाशी थांबवायला लावली, पण आत आले नाहीत. काचेतून म्हणाले, "डबा बंद ठेवत जा. त्या उंदराची पोरं मोठी झाली असतील आता."

टेबल तिथंच आहे. आता पौडकडची एक बाई येते, शिवणकाम करते, डावा हात कोपराखाली नाही. पहिल्या दिवशी ती दाराबाहेर उभी राहून विचारत होती की, बघायला आत आलं तर चालेल का. मी म्हटलं, बघायला कशाला. तिचेही छर्रे मीच भरते. पिशवी तिच्या कोपराखाली असते. तिला वास आवडतो.

रेंजवर मोबाइल बंद ठेवायचा कडक नियम आहे. सरांनी रविवारी एकाच फोनला सूट दिलीय. कोल्हापूरहून फोन आला की मी तो स्पीकरवर करून टेबलाच्या कडेला ठेवते. नाना नुसते ऐकत असतात.

"हा कुनाचा? नऊ असंल."

"सहा जी."

"मग चष्मेवाल्याचा."

चष्मेवाला पलीकडून ओरडतो, "काका, ऐकू येतंय मला!"

परवाच्या रविवारी पौडच्या बाई बसल्या, मी पिशवी हातानं दाबून पाहिली. भरलेली होती. छर्रा भरला, एक पाऊल मागं सरले. शेड शांत झाली. फोनमधूनही काही आवाज नव्हता, तिकडं कुठंतरी कुकरची शिट्टी वाजली आणि थांबली. बाई नेम धरत होत्या. मग फोनमधून नानांचा आवाज आला, हळू, आमच्यासाठी नसलेला.

"बस हितं. गप."

बाईंनी दचकून माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच सांगितलं, तुम्हाला नाही.